तक्रारी दीडपट, रक्कम तिप्पट

२०२४ मध्ये भारतीयांनी सायबर आर्थिक फसवणुकीत २२,८४९ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा ७,४६३ कोटी होता. वाढ २०६ टक्के. दिवसाला हिशेब केला तर ६२ कोटी, तासाला दोन कोटी ६० लाख. हे पैसे तक्रार करणाऱ्यांचे आहेत. जे गप्प बसले त्यांची रक्कम यात नाही. आकडे केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचे. त्यात गुंतवणुकीच्या नावाखालची लूट, 'डिजिटल अटक' (व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचे भासवून पैसे उकळणे), कार्डाची फसवणूक असे सगळे प्रकार येतात. यांपैकी बहुतेक प्रकारांची सुरुवात मोबाइलवर आलेल्या दोन ओळींनी होऊ शकते. त्या दोन ओळींपासून स्वतःला कसे वाचवायचे, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. मात्र त्यासाठी एकूण रक्कम फोडून पाहावी लागते.

तक्रारी १३.१० लाखांवरून १९.१९ लाखांवर गेल्या, म्हणजे ४६ टक्के वाढ. रक्कम तिप्पट झाली आणि तक्रारी दीडपटीच्या आत राहिल्या. उरलेला फरक दर तक्रारीमागच्या सरासरीत आहे. २०२३ मध्ये एका तक्रारीमागे सरासरी ५६,९५५ रुपये गेले. २०२४ मध्ये १,१९,०७९. त्याआधी २०२१ मध्ये ही सरासरी २०,९८८ होती आणि २०२२ मध्ये ३२,९७९. २०२१ ते २०२४ या काळात तक्रारी ७.३ पट झाल्या आणि सरासरी ५.७ पट. या दोहोंच्या गुणाकारातून एकूण नुकसान ५५२ कोटींवरून ४१ पटीवर पोहोचले.

तक्रारींची वाढ कशाशी ताडून पाहावी? डिजिटल व्यवहारांचे माप म्हणून यूपीआय घेऊ. २०२३ मध्ये यूपीआयवर ११,७६८ कोटी व्यवहार झाले, २०२४ मध्ये १७,२२१ कोटी. वाढ ४६ टक्के. म्हणजे दर एक कोटी यूपीआय व्यवहारांमागे २०२३ मध्ये सुमारे १११ तक्रारी होत्या आणि २०२४ मध्येही सुमारे १११. सर्व तक्रारी यूपीआयच्या नसतात, त्यामुळे हे गुणोत्तर केवळ अंदाजाला घ्यायचे. तरी त्याचा अर्थ लावता येतो. व्यवहार वाढले त्याच प्रमाणात फसणारे वाढले. फसण्याचा दर जवळपास जागच्या जागी राहिला. बदलली ती फसल्यानंतर जाणारी रक्कम. ती एका वर्षात १०९ टक्क्यांनी वाढली. म्हणून 'लोक जास्त निष्काळजी झाले' हे स्पष्टीकरण या आकड्यांना लागू पडत नाही. लुटण्याची पद्धत बदलली, हे लागू पडते.

पद्धत बदलल्याचा पुरावा रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आहे, आणि तो पहिल्या नजरेला उलटा वाटतो. एक लाख रुपये व त्याहून मोठ्या फसवणुकींची जी प्रकरणे बँका कळवतात, त्यांत 'कार्ड व इंटरनेट' या सदरात २०२३-२४ मध्ये २९,०८२ प्रकरणे आणि १,४५७ कोटी रुपये होते. २०२४-२५ मध्ये प्रकरणे १३,५१६ आणि रक्कम ५२० कोटी. प्रकरणांत ५४ टक्के घट, रकमेत ६४ टक्के घट. एकीकडे गृहमंत्रालयाच्या नोंदीत नुकसान तिप्पट, दुसरीकडे बँकांच्या नोंदीत ते जवळपास तिसऱ्या हिश्शावर. ५२० कोटी म्हणजे २२,८४९ कोटींच्या २.३ टक्के.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक आर्थिक वर्षाचा आहे, दुसरा कॅलेंडर वर्षाचा. एकाला एक लाखाची मर्यादा आहे, दुसऱ्याला नाही. पण ९७ टक्क्यांहून मोठी तफावत एवढ्याने भरून निघत नाही. मुख्य फरक नोंद कोण करतो यात असावा. खातेदाराला नकळत पैसे काढले गेले की बँकेच्या दृष्टीने ती फसवणूक होते. खातेदाराने स्वतःच्या फोनवरून, स्वतःचा पिन टाकून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून पैसे पाठवले तर बँकेच्या यंत्रणेत तो एक यशस्वी व्यवहार असतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन मात्र दोघेही करतात. पैसे चोरण्याकडून पैसे मागून घेण्याकडे हा धंदा सरकला आहे, असा या तफावतीचा मला लागणारा अर्थ आहे.

एसएमएसचे कामही त्यानुसार बदलले. जुन्या पद्धतीत संदेशातली लिंक बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर नेत असे, तिथे कार्ड क्रमांक आणि ओटीपी टाकला की खाते रिकामे. ही पद्धत संपलेली नाही. पण तिला खात्यातल्या शिलकीची आणि बँकेच्या दैनिक मर्यादेची अडचण असते. नव्या पद्धतीत संदेश केवळ ओळख काढून देतो. 'घरबसल्या काम, रोज दोन हजार' किंवा 'शेअरची मोफत टिप' एवढाच मजकूर. पुढचा सगळा व्यवहार टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात. तिथे आधी थोडा 'नफा' दाखवला जातो, मग माणूस मुदतठेव मोडून स्वतः पैसे भरतो. जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांच्या आकड्यांत हा फरक सरळ दिसतो. शेअर ट्रेडिंगच्या नावाने झालेल्या फसवणुकीच्या २०,०४३ तक्रारी, रक्कम १,४२० कोटी, सरासरी ७.०९ लाख. डिजिटल अटकेच्या ४,५९९ तक्रारी, १२० कोटी, सरासरी २.६२ लाख. २०२५ च्या नुकसानीपैकी सुमारे ७७ टक्के रक्कम गुंतवणुकीच्या आमिषाने गेली. फोनमध्ये घुसवलेल्या अ‍ॅपद्वारे झालेल्या चोरीचा वाटा त्यात सुमारे एक टक्का.

समन्वय केंद्राच्या म्हणण्यानुसार त्या चार महिन्यांतील ४६ टक्के फसवणुकींचा उगम कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमध्ये होता. संदेशाच्या पलीकडे एखादा एकटा भामटा बसलेला नसतो. पाळ्या लावून चालवलेली केंद्रे असतात आणि त्यांना आठवडेच्या आठवडे एका माणसाशी बोलत राहणे परवडते.

२०२५ चे जानेवारी २०२६ मध्ये समोर आलेले आकडे असे: १९,८१३ कोटी रुपये, २१.७८ लाख तक्रारी. रक्कम १३ टक्क्यांनी कमी, तक्रारी १३.५ टक्क्यांनी जास्त, सरासरी ९०,९८८. घट झाली असे लगेच म्हणू नये. या नोंदी नंतर बदलतात आणि मोजणीच्या व्याख्याही वेगवेगळ्या असतात. २०२३ याच एका वर्षासाठी तक्रारींचे तीन आकडे अधिकृतपणे दिले गेले आहेत: राज्यनिहाय तक्त्यात ११.२८ लाख, नंतरच्या मालिकेत १३.१० लाख, आणि तक्रार पोर्टल व आर्थिक फसवणूक नोंदणी व्यवस्था अशा दोन्हींचा उल्लेख करून लोकसभेत दिलेल्या उत्तरात २४.४३ लाख. रक्कम मात्र तिन्ही ठिकाणी ७,४६३ ते ७,४८९ कोटींच्या दरम्यान. रुपयांचा आकडा भरवशाचा आहे, डोकी मोजण्याचा तितका नाही. त्यामुळे सरासरीची तुलना एकाच मालिकेच्या आत करावी. वर तसेच केले आहे.

आता संदेश पाठवणाऱ्याचा हिशेब. समजा एका संदेशाला २० पैसे पडतात. एक लाख संदेशांना २०,००० रुपये. मालिकेतली सर्वांत कमी सरासरी, २०२१ ची २०,९८८ रुपये, धरली तरी लाखात एक माणूस फसला की खर्च निघतो. २०२४ ची सरासरी धरली तर जवळपास सहा लाखांत एक पुरतो. ५,९४,९९९ लोकांनी संदेश ओळखला आणि पुसून टाकला, तरी पाठवणाऱ्याचे नुकसान होत नाही. 'जागरूकता वाढली की फसवणूक थांबेल' या अपेक्षेला या हिशेबात जागा नाही. जागरूकतेने तुम्ही वाचता, धंदा चालू राहतो. धंद्याला धक्का द्यायचा तर संदेश पोहोचण्याआधी आणि पैसे बाहेर पडण्याआधी अडथळे लागतात.

पहिला अडथळा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा. देशात दररोज १५० ते १७० कोटी व्यावसायिक एसएमएस जातात. २०१८ च्या नियमांनुसार असा संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची, पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी दिसणाऱ्या अक्षरांची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरातली लिंकही आधी नोंदवलेली असावी लागते. नसेल तर संदेश अडवला जातो. एपीके फाइलच्या, म्हणजे अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलच्या, लिंकलाही हेच लागू. ६ मे २०२५ पासून नावाच्या शेवटी एक अक्षर येते: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचा ओटीपी पी अक्षराने येणार नाही, आणि दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून तर मुळीच नाही.

या व्यवस्थेला भोक किती मोठे आहे याचा एक आकडा उपलब्ध आहे. मे २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने आणि गृहमंत्रालयाने सांगितले की आधीच्या तीन महिन्यांत आठ नोंदणीकृत नावांवरून १०,००० हून अधिक फसवे संदेश गेले होते. ती नावे ज्या संस्थांची होती त्यांना काळ्या यादीत टाकले गेले. त्याबरोबर त्यांची ७३ नावे आणि १,५२२ साचे बंद झाले. दिवसाच्या १५० कोटी संदेशांपुढे तीन महिन्यांतले १०,००० हे प्रमाण नगण्य आहे, पण वरचा हिशेब लक्षात घेतला तर एवढ्याशा प्रमाणातही धंदा होतो. म्हणून नाव नोंदणीकृत दिसले, एवढ्यावर विश्वास टाकता येत नाही. नाव संशयास्पद असेल तर संदेश खोटा धरावा. नाव बरोबर असेल तर मजकूर तपासावा.

नोंदणीच्या बाहेरचा रस्ता वेगळाच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सीबीआयने अशा एका प्रकरणात सुमारे २१,००० सिमकार्डांचा माग काढला. नियम डावलून मिळवलेली ही कार्डे एकत्र जोडून त्यांवरून घाऊक फसवे एसएमएस पाठवले जात होते, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. असे संदेश साध्या दहा अंकी क्रमांकावरून येतात, त्यांना साचा नसतो, लिंकची तपासणी नसते. इंटरनेटवरून येणाऱ्या आरसीएस आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेशांनाही एसएमएसची ही चाळणी लागत नाही. ई-चलानच्या नावाची एपीके फाइल बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर येते, याचे कारण इथे सापडते. ती फाइल बसवली की अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर पलीकडे जातो, तुम्ही तो कोणाला सांगावा लागत नाही. वाहनाचे चलान पाहण्यासाठी कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही. परिवहन मंत्रालयाच्या 'गव्ह डॉट इन'ने संपणाऱ्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि मागितलेला तपशील टाकला की ते दिसते.

मजकूर तपासण्याची एक पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते: संदेशात दिलेली मुदत आणि कायद्यातली मुदत शेजारी ठेवणे. 'मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित केला जाईल' हा मजकूर महाराष्ट्रात लाखो घरांच्या ओळखीचा आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संदेश सांगतो काही तास, कायदा सांगतो १५ दिवस. बिल खरोखर थकलेले असले तरी हा संदेश खोटा ठरतो. महावितरणच्या संदेशात पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल ही अक्षरे असतात, आणि शंका असेल तर १९१२ हा क्रमांक आहे. संदेशात दिलेल्या 'अधिकाऱ्या'च्या मोबाइलवर फोन करण्याचे कारण उरत नाही.

केवायसीचेही तसेच. 'आज केवायसी न केल्यास खाते बंद' असे संदेश येतात. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार केवायसीची मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीन वेळा कळवायचे आहे, त्यांतले एकदा पत्राने. आणि मुदत उलटल्यावर आणखी तीन स्मरणपत्रे द्यायची आहेत, त्यांतलेही एक पत्राने. सहा सूचना, त्यांतली दोन पत्रे, आणि त्यापुढे हा 'आज'. टपाल खात्याच्या नावाने येणाऱ्या संदेशात पत्ता दुरुस्त करण्यासाठी ४८ तास दिलेले असतात. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने तो संदेश बनावट असल्याचे जाहीर केले आहे. संदेशात तासांची मुदत असेल, तर त्यामागे कोणता नियम आहे हा प्रश्न विचारावा. वीज आणि केवायसी या दोन्हींत तो नियम तासांचा नाही.

बँकेच्या संकेतस्थळाबाबत आता एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना तिकडे जायला सांगितले. हा शेवट बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. पत्त्यात बँकेचे नाव कुठेही असू शकते. पाहायचे ते नावामागून पहिली तिरपी रेघ येते तिच्या लगेच आधीचे शब्द. तिथे 'बँक डॉट इन' नसेल तर ते पान बँकेचे धरू नये. त्याहून सोपे म्हणजे लिंक न वापरता फोनमधले बँकेचे अ‍ॅप उघडणे. संदेशात खरेच काही असेल तर ते अ‍ॅपमध्येही असते.

फसवा संदेश नुसता पुसून टाकण्यात एक नुकसान आहे. फेब्रुवारी २०२५ मधल्या ट्रायच्या दुरुस्तीनंतर एखाद्या विनानोंदणी क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कारवाई सुरू होते. आधी सात दिवसांत दहा लागत. तक्रार करायला तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि कंपनीला कारवाईसाठी ३० ऐवजी पाच दिवस. एका इमारतीतल्या पाच घरांनी १९०९ या तक्रार क्रमांकावर तक्रार केली तर तो आकडा गाठला जातो. सहा लाखांत एकाच्या शोधात असलेल्या माणसाचा क्रमांक लवकर बंद पडणे, हा त्याच्या हिशेबावरचा थेट घाला आहे. पैसे गेले नसतील पण संदेश संशयास्पद असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील 'चक्षू' ही सोय मार्च २०२४ पासून त्यासाठीच आहे. याखेरीज, पोलिसांनी कळवल्यावरून जुलै २०२५ पर्यंत ९.४२ लाख सिमकार्डे आणि २.६३ लाख हँडसेटचे ओळख क्रमांक बंद झाले होते.

महाराष्ट्राचे आकडे वेगळे पाहायला हवेत. २०२३ च्या राज्यनिहाय तक्त्यात सर्वाधिक तक्रारी उत्तर प्रदेशातून होत्या, १,९७,५४७, महाराष्ट्रातून १,२५,१५३. रकमेत मात्र महाराष्ट्र पहिला: ९९१ कोटी, उत्तर प्रदेश ७२१ कोटी. एका तक्रारीमागे महाराष्ट्रात ७९,००० रुपये, उत्तर प्रदेशात ३६,५००. गोव्यात तक्रारी अवघ्या १,७८८, रक्कम २३ कोटी, सरासरी १.३० लाख, म्हणजे याच तक्त्यातल्या देशाच्या ६६,००० या सरासरीच्या जवळपास दुप्पट. २०२५ च्या आकड्यांत महाराष्ट्राचे नुकसान ३,२०३ कोटी आहे. देशाच्या एकूण रकमेत राज्याचा वाटा दोन वर्षांत १३.२ टक्क्यांवरून १६.२ टक्क्यांवर गेला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतला वाटा ९.३ टक्के आहे.

आणि परत किती मिळते? २०२३ च्या त्याच तक्त्यानुसार देशात गेलेल्या रकमेपैकी १२.३ टक्के वेळेत गोठवता आली. गुजरातमध्ये हे प्रमाण २४.१ टक्के, तेलंगणात १६.९, महाराष्ट्रात १०.४, गोव्यात ६.७, उत्तर प्रदेशात ६.१. गुजरातचे प्रमाण महाराष्ट्राने गाठले असते तर १०३ कोटींच्या जागी २३९ कोटी अडवले गेले असते. फरक १३६ कोटींचा. राज्याची पोलीस यंत्रणा आणि बँका या फरकाला उत्तर देणे लागतात. देशपातळीवर २०२१ पासून जुलै २०२५ पर्यंत ५,४८९ कोटी वाचवल्याचे सरकारने सांगितले. २०२१ ते २०२४ या चार वर्षांचेच नुकसान ३३,१५५ कोटी आहे. वाचलेली रक्कम त्याच्या सहाव्या हिश्शाइतकीही नाही.

रक्कम गोठवणे म्हणजे काय हे कळले की घाई कुठे करायची ते कळते. १९३० वर नोंद झाली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते आणि त्या खात्यात त्या क्षणी जे शिल्लक असेल ते होल्ड केले जाते. पैसे पुढे गेले असतील तर नोंद पुढच्या बँकेकडे, तिथून त्यापुढच्या. पहिल्या टप्प्यावरच्या अशा भाडोत्री खात्यांची, ज्यांना पोलीस म्यूल खाती म्हणतात, संख्या जुलै २०२५ पर्यंत २४ लाखांहून अधिक नोंदली गेली. खाती एवढी हाताशी असताना रक्कम अनेक तुकड्यांत फुटायला वेळ लागत नाही. घरच्यांना सांगावे की नाही, उद्या बँकेत जाऊन विचारावे का, या विचारात गेलेली रात्र वाचणाऱ्या रकमेतून वजा होते. फोन करताना रक्कम, वेळ, कोणत्या बँकेच्या खात्यातून गेली आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, यूपीआयसाठी १२ अंकी, एवढे हाताशी असावे.

तक्रार म्हणजे गुन्हा नोंद नव्हे, हेही आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३ च्या अहवालात सायबर गुन्हे ८६,४२०. आधीच्या वर्षी ६५,८९३, वाढ ३१ टक्के. त्यांतले ६८.९ टक्के, म्हणजे सुमारे ५९,५००, फसवणुकीच्या हेतूने. त्याच वर्षी आर्थिक फसवणुकीच्या तक्रारी १३.१० लाख. शंभर तक्रारींमागे साडेचार गुन्हे. मे २०२५ मध्ये दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर दहा लाखांवरील तक्रारींची आपोआप 'शून्य एफआयआर', म्हणजे ठाण्याच्या हद्दीची अट नसलेला गुन्हा, नोंदवण्याची व्यवस्था सुरू झाली. २०२४ ची सरासरी रक्कम १.१९ लाख आहे. सरासरी फसलेला माणूस त्या मर्यादेच्या आठव्या हिश्शाजवळ उभा होता. सुरुवातीची ही मर्यादा फार वरची होती.

पैसे बँकेकडून परत मिळण्याचा नियम रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आला आहे. चूक बँकेची नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा नकळत झालेल्या व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली तर खातेदाराची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर खात्याच्या प्रकारानुसार प्रति व्यवहार ५,०००, १०,००० किंवा २५,००० रुपयांपर्यंत. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. खातेदाराने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. खातेदाराची चूक सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे.

ओटीपी किंवा पिन खातेदाराने स्वतः दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. पण त्याच परिपत्रकात पुढचे वाक्य आहे, जे फार कमी लोक वापरतात: कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे स्वतःची चूक असली तरी कळवण्याची वेळ महत्त्वाची राहते; पहिला हप्ता गेल्यावर कळवले आणि त्यानंतर दुसरा गेला, तर दुसऱ्याची जबाबदारी बँकेवर येते. हे घड्याळ बँकेला कळवल्यावर थांबते. १९३० वर केलेला फोन वेगळ्या यंत्रणेला जातो, त्याने रक्कम गोठवली जाऊ शकते, पण परिपत्रकातले तीन दिवस मोजताना तुमच्या बँकेला दिलेली सूचना धरली जाते. म्हणून १९३० नंतर लगेच बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करावा, त्याच दिवशी ईमेल किंवा शाखेत लेखी अर्ज द्यावा, आणि पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी.